उंच छत, बुटकं फर्निचर: जुन्या घरात 1950–60च्या दशकातलं सामान मांडताना

प्रश्न थोडक्यात असा. घर 1930च्या सुमाराचं आहे. छत साडेतीन मीटर, भिंती जाड, वर भिंत आणि छत जुळतात तिथे नक्षीची पट्टी (कॉर्निस), खाली रुंद लाकडी स्कर्टिंग, जमीन टेराझोची. त्यात 1960च्या आसपासचं सागवानी साइडबोर्ड (लांबट, बुटकं कपाट), दोन आरामखुर्च्या, टेपॉय, जेवणाचं टेबल आणि सहा खुर्च्या आल्या आहेत. मांडून पाहिलं तर सगळं बुटकं आणि विखुरलेलं दिसतं. म्हणून विचारलं आहे, की फर्निचरला शोभावं यासाठी कॉर्निस आणि स्कर्टिंग काढून भिंती सपाट कराव्यात का, आणि फर्निचर घासून नव्यानं पॉलिश करून घ्यावं का?

दोन्ही नका करू. दोन्ही कामं अशी आहेत की एकदा झाली की मागे फिरता येत नाही, आणि तुम्हाला जे खटकतंय त्यावर दोन्हींचा काही उपयोगही नाही.

खटकतंय ते उंचीमुळे. हे फर्निचर ज्या काळात घडलं त्या काळातल्या नव्या घरांची छतं साधारण 2.4 ते 2.5 मीटर असत. म्हणून आरामखुर्चीची बैठक जमिनीपासून 36–40 सेंमी, साइडबोर्ड 75–80 सेंमी, सगळं आडवं आणि जमिनीलगत. 2.4 मीटरच्या भिंतीपुढे 80 सेंमीचं साइडबोर्ड भिंतीचा एक तृतीयांश भाग घेतं. तेच साडेतीन मीटरच्या भिंतीपुढे ठेवलं की पावपेक्षाही कमी, आणि वर 2.7 मीटर कोरी भिंत उरते. डोळ्याला ती पोकळी दिसते आणि मनात मात्र येतं की फर्निचर आणि घर एकमेकांना जमत नाहीत. कॉर्निस काढली तर ही पोकळी आणखी वाढेल, कारण भिंत कुठे संपते हे डोळ्याला सांगणारी तीच एक रेघ आहे. काळाचा फरक हा अडथळा नव्हेच. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझायनर दांपत्यानं 1949 साली स्वतःसाठी बांधलेलं घर पोलादी सांगाड्याचं आणि काचेचं होतं, तरी आत लोककलेच्या वस्तू, खेळणी, गालिचे खच्चून भरलेले होते. दोन काळ एका खोलीत सुखानं राहतात, फक्त त्यांच्यातली मोकळी उंची कुणीतरी सांभाळावी लागते.

मधला पट्टा

खोलीच्या उंचीचे तीन पट्टे मनात धरा. जमिनीपासून 80 सेंमीपर्यंत फर्निचर. 80 सेंमीपासून साधारण 2.1 मीटरपर्यंत मधला पट्टा. त्यावर घराची स्वतःची उंची, म्हणजे भिंतीचा वरचा भाग, कॉर्निस, छत. तुमची सगळी मेहनत मधल्या पट्ट्यात हवी. वरचा पट्टा मोकळाच ठेवायचा. तो भरायला जाल तर फर्निचर आणखी खुजं दिसेल.

2.1 मीटर हा आकडा कुठून आला? जुन्या घरात दरवाजांची वरची चौकट साधारण तेवढ्यावर असते, आणि ती रेघ खोलीत आधीच असल्यामुळे डोळा तिला धरून चालतो. तुमच्या घरात ती 2.05 किंवा 2.2 असेल, तर तोच आकडा घ्या. चित्रांच्या चौकटी, भिंतीवरचे शेल्फ आणि लटकते दिवे या रेघेच्या खाली राहू द्या. उभ्या दिव्यासाठी 140–150 सेंमी उंची बरोबर बसते. एखादं उंच झाड तेवढं रेघ ओलांडून जाऊ द्यावं. एकच.

लटकत्या दिव्यांत बहुतेकांची चूक होते. दिवा छतापासून किती खाली सोडायचा हे मोजत बसतात. मोजायचं टेबलापासून वर. डॅनिश डिझायनर पाउल हेनिंगसेन यांचा 1958 सालचा पीएच 5 हा दिवा घ्या. त्याची खालची कड टेबलाच्या पृष्ठभागापासून 60 सेंमी वर असावी. टेबल 73 सेंमी, त्यावर 60, म्हणजे 133 सेंमी, आणि दिव्याची स्वतःची उंची सुमारे 27. साडेतीन मीटरच्या छतातून खाली यायला जवळपास 190 सेंमी वायर लागते. जुन्या दिव्यांना इतकी लांब वायर क्वचितच असते. जोड देऊन वाढवू नका, पूर्ण नवी वायर ओवून घ्या आणि 30 सेंमी जास्त ठेवा. बसण्याच्या जागेवर मोठा कागदी गोल फार छान काम करतो. शिल्पकार इसामु नोगुची यांनी 1951 पासून घडवलेल्या ‘अकारी’ नावाच्या कागदी दिव्यांच्या जातीचा, 60–75 सेंमी व्यासाचा. वजन जवळजवळ नाही, म्हणून जुन्या छतावर भार येत नाही, आणि एवढा मोठा आकार मधल्या पट्ट्यात एकटाच पुरून उरतो.

साइडबोर्डच्या वर चार-पाच छोट्या चौकटी विखरू नका. एकच मोठं चित्र लावा. रुंदी साइडबोर्डच्या 60–70 टक्के, म्हणजे दोन मीटरच्या साइडबोर्डवर 120–140 सेंमी, आणि खालची कड पृष्ठभागापासून 15–20 सेंमीवर. अंतर यापेक्षा वाढलं की चित्र आणि साइडबोर्ड वेगवेगळे तरंगू लागतात. भिंतीवर चित्रं टांगायची जुनी लाकडी पट्टी असेल तर तिचाच उपयोग करा. तिच्या वरच्या भिंतीला छताचाच रंग द्या. भिंत तिथेच संपल्यासारखी वाटते आणि छत अर्ध्या मीटरनं खाली आल्याचा भास होतो. या एका डब्या रंगानं जे साधतं ते कॉर्निस फोडून कधीच साधणार नाही.

विखुरलेपणाचं कारण वेगळं आहे. खोली मोठी, म्हणून माणसं सगळं सामान भिंतींना लावतात आणि मधे मैदान उरतं. खुर्च्या भिंतीपासून सोडवा. टेपॉय बैठकीच्या कडेपासून 40–45 सेंमीवर ठेवा, आरामखुर्च्या एकमेकींकडे थोड्या वळवून, आणि या सगळ्यांच्या पुढच्या पायांखाली निदान 20–25 सेंमी आत येईल एवढा गालिचा घाला. ये-जा करायला मागून 80–90 सेंमी सोडलं की पुरे. जेवणाच्या टेबलाखाली गालिचा घालणार असाल तर तो टेबलाच्या कडेपासून चारी बाजूंनी किमान 65 सेंमी बाहेर हवा, नाहीतर खुर्ची मागे सारताना तिचे मागचे पाय दर वेळी कडेत अडकतात. त्या काळातल्या चांगल्या डॅनिश कामात खुर्च्यांचीच नाही, तर काही साइडबोर्डांचीही पाठ विनीर (लाकडाचा पातळ पापुद्रा) लावून पूर्ण केलेली असते, कारण ती खोलीच्या मधोमध उभी राहतील असं धरलेलं असतं. तुमच्या साइडबोर्डची पाठ एकदा बघून घ्या. तशी असेल तर बैठक आणि जेवणाची जागा यांच्यामधे आडवं ठेवण्यासारखी दुसरी वस्तू नाही.

उंची वाढवायची म्हणून साइडबोर्डला किंवा खुर्च्यांना लांब पाय मात्र लावू नका. प्रमाण बिघडतंच, शिवाय पाय जितका लांब तितकी सांध्यावरची पिळवणूक जास्त, आणि तिरका पाय जिथे बसवलेला असतो ती जागा आधी सैल होते, मग फाटते.

जमीन, भिंत आणि ओल

जुन्या घराची जमीन सपाट दिसते, पण क्वचितच असते. दोन मीटर लांबीच्या साइडबोर्डखाली 5–6 मि.मी.चा उतार सहज निघतो. खुर्ची डुगडुगली की लगेच कळतं, साइडबोर्डचं तसं नाही. ते मुकाट्यानं पिळतं. सरकती दारं एका टोकाला घट्ट आणि दुसऱ्या टोकाला सैल लागतात, दोन दारांमधली फट वर निमुळती होत जाते, खण अडकतात. मग कुणीतरी दारांच्या कडा रंधून काढतो, आणि घर बदललं की तीच दारं ढिली होऊन पडतात. दाराला हात लावण्याआधी पाणसळ (स्पिरिट लेव्हल) ठेवा. लांबीत, रुंदीत, आणि मग दोन्ही कर्णांवर. ज्या पायाखाली जागा आहे तिथे कठीण लाकडाची किंवा प्लॅस्टिकची पातळ चकती सरकवा. मधे पाचवा-सहावा पाय असेल तर तोही टेकला पाहिजे, नाहीतर भरलेलं साइडबोर्ड मधोमध वाकतं. दहांपैकी आठ वेळा दारं एवढ्यानंच सरळ होतात.

टेराझोत संगमरवराच्या कपच्या असतात. त्यामुळे व्हिनेगर, लिंबू किंवा कुठलंही आम्ल लागलं की चकाकी जाते. तटस्थ साबणाचं पाणी, दुसरं काही नको. बारीक पायांच्या टोकांना धातूच्या टोप्या असतात. पितळ असेल तर ठीक. पोलाद असेल तर फरशी पुसल्यावरच्या ओलीनं गंज धरतो आणि टेराझोत उतरलेला गंजाचा डाग काढणं फार जिकिरीचं असतं. पायाखाली नायलॉनची टिकली ठोका. लाकडी जमिनीवर हेच पाय भोकं पाडतात, तिथे 20–25 मि.मी. व्यासाची वाटीसारखी टिकली आणि तिला फेल्ट लावावं.

रुंद स्कर्टिंगमुळे साइडबोर्ड भिंतीला चिकटत नाही, 2–3 सेंमी फट राहते. राहू द्या. ती फट घालवण्यासाठी साइडबोर्डची पाठ कापणं ही मी मोठ्या नुकसानीत धरतो. ती फट तुमच्या उपयोगाची आहे. जाड जुन्या भिंती जमिनीची ओल वर ओढतात, आणि साइडबोर्डची पाठ म्हणजे बहुधा 4–5 मि.मी.चा प्लाय. हवा खेळली नाही तर तो फुगतो, आतल्या कप्प्यात कुबट वास येतो. बाहेरची भिंत असेल तर 5 सेंमी अंतर ठेवा. खोलीतली सापेक्ष आर्द्रता 40 ते 60 टक्क्यांत राहिली तर विनीर आणि सांधे दोन्ही सुखात असतात.

भिंतीवर टांगायचे शेल्फ हा त्या काळातला सर्वांत उपयोगी शोध. 1949 सालचं स्ट्रिंग, 1960 सालची जर्मन डिझायनर डीटर रॅम्स यांची 606 प्रणाली, ही त्याची उदाहरणं. उंच भिंतीला हे शेल्फ देवासारखे धावून येतात. पण भार मोजा. पुस्तकांचं वजन एक मीटर शेल्फला 20–25 किलो धरा, जाड बांधणीची असतील तर 30. ऐंशी सेंमीचे चार शेल्फ भरले की 80 किलोच्या आसपास. जुन्या घरात वर चुन्याचा गिलावा 20–25 मि.मी. असतो आणि तो भार मुळीच घेत नाही. स्क्रू आणि गट्टू (भिंतीत ठोकायचा प्लग) गिलावा ओलांडून विटेत किमान 50–60 मि.मी. गेला पाहिजे. वीट मऊ असते म्हणून ड्रिलचा हॅमर बंद करून सावकाश विंधा. दोन विटांमधल्या चुन्याच्या दरजेत भोक पडलं तर ते सोडून द्या, तिथे काहीच धरत नाही. फुगणारे पोलादी बोल्ट मऊ विटेला आतून फोडतात. जाळीच्या नळीत भरायचं रासायनिक चिकटण इथे खरं काम करतं. आणि विंधण्याआधी भिंतीवर कागदी चिकटपट्टीनं शेल्फची पूर्ण आकृती काढून आठवडाभर बघत राहा.

जुन्या घरात नंतर कधीतरी, 1950 ते 70च्या दरम्यान, विनाइलच्या फरशा टाकलेल्या सापडतात, साधारण 23 सेंमी चौरस, खाली काळं डांबरी चिकटण. त्या फरशांत आणि त्या चिकटणात ॲस्बेस्टॉस असू शकतं. अखंड असतील तोवर धोका नगण्य. फोडल्या, घासल्या किंवा खरवडल्या की तंतू हवेत जातात. नमुना तपासून घ्या, नाहीतर तशाच ठेवून वर नवी जमीन घाला. खिडक्या-दारांच्या जुन्या रंगात शिसं असू शकतं, तो कोरडा घासू नये. आधी चाचणी, मग ओला करून किंवा रसायनानं.

रंगांबद्दल फार बोलण्यासारखं नाही. सागवान मुळात नारिंगी छटेचं आहे. पिवळसर भिंतीपुढे ते विझतं, करड्या हिरव्या, निळसर किंवा मळकट पांढऱ्या भिंतीपुढे उठून येतं. खोलीत दोन जातींची लाकडं खुशाल ठेवा, पण प्रत्येक जात निदान दोन ठिकाणी दिसू द्या. उन्हात अक्रोडाचं लाकूड आणि शिसवी फिकी पडतात, म्हणून खिडकीजवळच्या साइडबोर्डवरच्या वस्तू महिन्यातून एकदा हलवा, नाहीतर त्यांच्या तळाचे ठसे कायमचे उमटतात.

दुरुस्ती: आधी सांधे, मग बैठक, पॉलिश शेवटी

क्रम उलटा केला तर पॉलिश केलेली खुर्ची पुन्हा उघडावी लागते आणि सगळं काम वाया जातं.

खुर्ची उलटी न करता, मागच्या दोन पायांवर किंचित कलवून कानाशी धरा आणि पाठ हलवा. कुरकुर आली तर मागचा सांधा सैल आहे. जवळजवळ नेहमी तोच असतो, कारण माणूस मागे रेलतो तेव्हा सगळी पिळवणूक बैठकीची बाजूची पट्टी आणि मागचा पाय यांच्या सांध्यावर येते. सैल सांध्यात स्क्रू मारणं किंवा लोखंडी कोन ठोकणं ही सर्वांत महागात पडणारी घाई. स्क्रू कुसू (भोकात बसणारं लाकडाचं टोक) फाडतो, सांधा महिनाभर गप्प बसतो, आणि नंतर तो नीट चिकटवायला निरोगी लाकूडच उरत नाही. सांध्यात वरून गोंद सोडण्याचाही उपयोग नाही. नवा गोंद जुन्या गोंदाच्या थरावर धरत नाही, त्याला उघडं लाकूड लागतं.

म्हणून सांधा उघडायचा. प्रत्येक तुकड्यावर चिकटपट्टी लावून क्रमांक टाका, डावं-उजवं लिहा. रबरी हातोडीनं, मधे लाकडाचा तुकडा धरून, हलके ठोके द्या. जुना गोंद म्हणजे सरस (जनावरांच्या हाडा-कातड्यापासूनचा गोंद) असेल तर गरम व्हिनेगरचे काही थेंब सांध्यात सोडून दहा-पंधरा मिनिटं थांबलं की तो मऊ होतो. 1950 नंतरच्या कामात पांढरा गोंदही सापडतो, त्याला ऊब आणि ओल दोन्ही थोडा जास्त वेळ द्यावी लागतात. कुसू आणि भोक दोन्ही पटाशीनं खरवडून साफ करा, पण लाकूड उतरवू नका. गोल खुंट्या असतील तर तुटलेली खुंटी विंधून काढून त्याच व्यासाची, बहुधा 8 किंवा 10 मि.मी.ची नवी घाला. भोक खुंटीपेक्षा 2 मि.मी. खोल हवं, म्हणजे गोंदाला मागे जागा मिळते. नाहीतर दाबलेला गोंद पाय फाडून बाहेर येतो. आधी गोंदाशिवाय सगळं जोडून बघा. मग गोंद, मग शिकंजे (क्लॅम्प), आणि शिकंजे आवळल्यावर लगेच दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे आले, चारी पाय सपाट फळीवर टेकले, की 24 तास हात लावू नका. इपॉक्सी खुर्चीत वापरू नये. तो सांधा पुन्हा कधी उघडणार नाही, लाकूड मात्र केव्हातरी उघडायला लावेलच.

आरामखुर्च्यांच्या बैठकीखाली बहुधा 5 सेंमी रुंदीचे रबरी पट्टे असतात, टोकांना धातूच्या क्लिपा, त्या चौकटीतल्या खाचेत अडकवलेल्या. नखानं दाबा. ताठ, भेगाळलेले किंवा चिकट झालेले असतील तर ते संपले. रबर हवेनं आणि उजेडानं सडतं, त्याला उपाय नाही. त्यांच्या जागी प्लाय ठोकून देणं हा सोपा आणि वाईट मार्ग आहे. पट्टे बसल्यावर खाली जातात आणि ते खाली जाणं बैठकीच्या उंचीत आणि कोनात धरलेलं असतं. प्लायवर बसलं की माणूस पुढे घसरतो आणि चौकटीला खिळ्यांची भोकं पडतात ती वेगळी. नवे पट्टे तेवढ्याच रुंदीचे घ्या. ताण साधारण 10 टक्के. खाचेपासून खाचेपर्यंत 56 सेंमी असेल तर क्लिपेसह पट्टा 51 सेंमीचा कापा. यापेक्षा जास्त ओढलात तर पट्टा लवकर मरतो आणि चौकटीचे सांधे सतत आत खेचले जातात. दोन पट्ट्यांत 2.5 ते 4 सेंमी अंतर ठेवा.

गादीतला जुना फोम पिवळी भुकटी होऊन पडत असेल तर मास्क लावूनच उघडा. नवा फोम बैठकीला घनमीटरला 35–40 किलो घनतेचा, पाठीला 25–30चा, आणि जाडी मूळ होती तेवढीच, बहुधा 10 सेंमी. मऊ हवं म्हणून 15 सेंमी घातला की हात ठेवायच्या दांड्या खाली जातात, खुर्ची फुगलेली दिसते आणि तिचं सगळं सौष्ठव जातं. गादीच्या आत स्प्रिंगांचा संच असेल आणि तो शाबूत असेल तर तो ठेवा, फक्त वरचा थर बदला.

वेताची बैठक ढिली झाली असेल, पण तुटली नसेल, तर खालच्या बाजूनं ओल्या फडक्यानं भिजवून रात्रभर वाळू द्या. वेताची वरची बाजू चकचकीत असते, ती पाणी घेत नाही, खालची घेते. वाळताना वेत आवळतो. तुटल्यावर तपासा, की वेत भोकांतून हातानं विणलेला आहे की तयार विणीची जाळी खाचेत दाबून वर पट्टी बसवली आहे. पहिला प्रकार कारागिराकडेच द्यावा. दुसऱ्यात जाळी कोमट पाण्यात अर्धा-पाऊण तास भिजवा, खाचेत पाचरीनं दाबा, आणि पाण्यानं सुटणारा गोंद वापरा, कारण पंचवीस-तीस वर्षांनी ही जाळी पुन्हा बदलावी लागणार आहे. कागदी दोरीची बैठक वेगळी. डॅनिश डिझायनर हान्स वेग्नर यांच्या 1949 सालच्या वायच्या आकाराच्या पाठीच्या खुर्चीला अशी सुमारे 120 मीटर दोरी लागते. ती धुवायची नसते. ओलसर कापडानं टिपायची, घासायची नाही.

वेताच्या खुर्च्यांवरून एक सांगायला हवं. 1950च्या दशकात चंडीगडच्या सरकारी इमारतींसाठी स्विस वास्तुरचनाकार पियर जानरे यांनी घडवलेल्या सागवान-वेताच्या खुर्च्यांच्या नकला आज सर्वत्र आहेत. नक्कल वापरायला काहीच हरकत नाही. मूळ म्हणून घेताना मात्र बैठकीच्या खालची बाजू, सांध्यांवरची झीज आणि पायांची टोकं बघा. साठ-सत्तर वर्षांची झीज हात लागतो तिथे असते, सगळीकडे सारखी नसते.

पॉलिशचं काय

घासू का, याचं उत्तर विनीरच्या जाडीत आहे. साइडबोर्ड आणि टेबल यांचा पृष्ठभाग बहुतेकदा भरीव सागवान नसतो, 0.6 ते 0.9 मि.मी.चा विनीर असतो. यंत्रावर 120 नंबरचा पॉलिश पेपर लावला की कडेला तो काही सेकंदांत संपतो आणि खालचं फिकट लाकूड किंवा भुशाची फळी उघडी पडते. हे नुकसान भरून निघत नाही, त्यावर फक्त रंग ओढता येतो. कडेला समोरून आणि वरून बघा. वरच्या पृष्ठभागाचे रेशे कडेवरून खाली वळून तसेच पुढे गेले तर लाकूड भरीव. कडेला वेगळी पट्टी दिसली तर विनीर.

मूळ लेप कोणता आहे ते लपलेल्या जागी, मागच्या पायाच्या आत तपासा. आधी जवसाच्या तेलाचा थेंब. काही मिनिटांत मुरला तर फर्निचर तेलावरचं आहे, डॅनिश सागवान बहुधा असंच असतं. मुरला नाही तर तो पुसून स्पिरिटचा थेंब. चिकट झालं तर लाखेचं पॉलिश. स्पिरिटनं काही झालं नाही आणि थिनरनं मऊ झालं तर लॅकर. कशानंच काही झालं नाही तर नंतर कुणीतरी पॉलियुरेथेन चढवलं आहे. एवढं कळल्याशिवाय त्यावर तेल लावू नये. बंद लेपावर तेल मुरत नाही, वर बसून धूळ गोळा करतं.

पहिलं काम फक्त साफसफाई. खिडकी उघडी ठेवून मिनरल टर्पेंटाइननं मेणाचे आणि मळाचे थर काढा, कापड पांढरं येईपर्यंत. मग एक लिटर पाण्यात चमचाभर सौम्य साबण, पिळलेलं कापड, लगेच कोरडं पुसणं. अनेकदा इथेच काम संपतं, खालून चांगला मधाचा रंग निघतो.

डागांत फरक करा. पांढरी कडी लेपात असते, केस वाळवायच्या यंत्राची ऊब फिरवत दिली की बऱ्याचदा जाते. काळा डाग लाकडात उतरलेला असतो, लोह आणि लाकडातल्या टॅनिनची ती प्रतिक्रिया. त्याला ऑक्झॅलिक ॲसिड, एक लिटर कोमट पाण्यात सुमारे 100 ग्रॅम. हातमोजे आणि चष्मा हवाच, ते विषारी आहे. आधी लेप उतरवावा लागतो आणि द्रावण डागापुरतं न लावता पूर्ण फळीवर लावावं लागतं, नाहीतर डागाच्या जागी फिकट ठिपका राहतो. नंतर स्वच्छ पाण्यानं दोन-तीनदा पुसा. विनीर भिजत ठेवू नका.

विनीर फुगला असेल तर फुगवट्यावर रेशांच्या दिशेनं धारदार पात्यानं एक चीर द्या, बारीक सुईच्या पिचकारीनं गोंद आत सोडा, मेणकागद ठेवून वर सपाट फळी आणि शिकंजा, 24 तास. खालचा गोंद सरस असेल तर आधी ओलसर कापडावरून मंद इस्त्री फिरवून बघा, तो स्वतःच पुन्हा धरतो.

तेलाच्या फर्निचरला मग 0000 नंबरची पोलादी लोकर आणि तेल, रेशांच्या दिशेनंच, जोर न लावता. ओकच्या लाकडावर मात्र पोलादी लोकर नको. तिचे कण अडकून राहतात आणि पुढे ओल लागली की काळे ठिपके उमटतात. तेलाचा पातळ हात द्या, 15–20 मिनिटं थांबा, आणि उरलेलं सगळं पुसून काढा. पुसलं नाही तर ते चिकट राहतं आणि चिकटच राहतं. दुसरा हात एक दिवसानं. तेल लागलेल्या चिंध्या चुरगळून टोपलीत टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं आणि गोळा झालेल्या चिंध्या आपोआप पेट घेतात. उघड्यावर एकेक पसरून वाळवा किंवा पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून ठेवा.

एखादी वस्तू ब्राझिलियन शिसवीची निघाली तर तिची कागदपत्रं जपा. 1992 पासून ही जात साइट्सच्या (दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) पहिल्या परिशिष्टात आहे आणि परवान्याशिवाय ती सीमेपार नेता येत नाही.

जुन्या दिव्यांच्या वायरीचं रबर हाताळताच तुटतं. धातूच्या दिव्याला अर्थिंगसह तीन तारांची नवी वायर इलेक्ट्रिशियनकडून घालून घ्या, आणि बल्ब 2700 केल्विनचे, 90च्या वर रंगदर्शकता (सीआरआय) असलेले घ्या. 4000 केल्विनच्या उजेडात सागवान राखाडी दिसतं आणि माणसं उगाच पुन्हा पॉलिशवाल्याला बोलावतात.

तेलाच्या शेवटच्या हातानंतर दोन-तीन दिवस साइडबोर्डवर काही ठेवू नका. मग ते जागेवर न्या, आत सामान भरा, आणि भरल्यावर पाणसळ पुन्हा लावून बघा. रिकामं असताना सरळ असलेलं साइडबोर्ड भारानं हमखास एखाद्या पायावर बसतं, आणि सरकतं दार ते सर्वांत आधी सांगतं.